कोट गळत नव्हता

फिरून आला की तिचा नवरा दारातच पाठमोरा उभा राहायचा आणि ती मागून त्याचा रेनकोट ओढून काढायची. दवाखान्यातून घरी आल्यापासूनची ही पद्धत. त्या सकाळी कोट निघाला, ठिबकत होता म्हणून तिनं तो लांब धरला आणि दुसरा हात सहज त्याच्या पाठीवर ठेवला. शर्ट चिंब होता, आणि गार होता.

तिनं हात काढला नाही.

नऊ महिन्यांपूर्वी तिच्या हाताला हाच गारवा लागला होता. तेव्हा पाऊस नव्हता. तो स्वयंपाकघरात नळाला नवा वायसर बसवत होता आणि मध्येच थांबून म्हणाला होता, "किती उकडतंय गं." खिडक्या बंद होत्या, तिच्या अंगात स्वेटर होता. तिनं पाठीला हात लावून पाहिला तर शर्ट पिळून काढावा असा. पुढचं सगळं भराभर झालं. शेजाऱ्यांची गाडी, दवाखाना, हृदयाच्या नळीत बसवलेले दोन स्टेंट. "गार घाम ही पहिली वर्दी असते," डॉक्टर नंतर म्हणाले होते. "तुम्ही हात लावलात म्हणून वेळेवर आलात." ते कौतुकानं म्हणाले, पण तिच्या हाताला तेव्हापासून चैन नव्हती. जाता-येता तो त्याच्या पाठीवर, मानेवर, कपाळावर जायचा.

"मी काय इस्त्री आहे का," तो म्हणायचा, "तापलो की नाही बघायला?"

आज मात्र त्यानं इस्त्रीचं नाव काढलं नाही.

"अहो, शर्ट एवढा कशानं भिजला?"

"कोट गळतोय." तिच्याकडे न बघता तो बुटाच्या लेस सोडत होता. "वय झालं त्याचं. या वयात माणूस गळतो, तिथं कोटाचं काय घेऊन बसलीस."

"छातीत काही होतंय का?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"अगं, पावसात गेलो होतो, पावसात माणूस भिजतो. टॉवेल दे."

तिनं टॉवेल दिला. शर्ट बादलीत टाकायच्या आधी तिनं तो दोन्ही हातांत धरून पाहिला, जणू तो काही सांगणार होता.

रोज चाळीस मिनिटं चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भिजून कुडकुडायचं नाही, पण पावसाचं निमित्त करून घरात बसायचंही नाही. त्यांच्या गावात हे बोलणं सोपं होतं, करणं अवघड. तिथं पाऊस आला असं कुणी म्हणत नसे, थांबला तरच लोक एकमेकांना सांगत. त्याच्याकडे छापखान्याच्या दिवसांतला एक रबरी कोट होता, बाटलीच्या हिरव्या रंगाचा, उभा करून ठेवला तर उभा राहील इतका जाड. तोच घालून तो रोज सकाळी निघायचा. कागदाच्या गोदामावरून, शाळेच्या भिंतीकडेनं, खाली नदीवरच्या पुलापर्यंत आणि परत.

कोट गळतोय म्हटल्यावर ती गप्प बसणारी नव्हती. सव्वीस वर्षं ती पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. दुरुस्त केलेले पाण्याचे मीटर बेंचवर ओळीनं लावायचे, दाब सोडायचा, आणि कुठल्या मीटरच्या कुठल्या सांध्यातून थेंब डोकावतो ते बघायचं. दुसऱ्याला जिथं नुसतं पितळ दिसायचं तिथं तिला ओल दिसायची. वर्कशॉपमध्ये तिला सगळे गळतीबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी ती कोट पिशवीत घालून कामावर घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो उलटा केला, बाह्यांची टोकं सुतळीनं आवळली, बाह्या पाण्यानं भरल्या आणि लोखंडी दांड्यावर टांगल्या. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला. मग खांद्याचा भाग बादलीवर ताणून त्यात पाणी ओतलं, मग टोपीत. शिवणीवरून बोट फिरवत ती अर्धा तास उभी राहिली. डबा तसाच राहिला.

साहेब हात धुऊन येताना थांबले. "काय गळतीबाई, आता माणसांचे कोट पण तपासायला घेतले का? रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"पास लिहा," ती म्हणाली.

कागदावर एक थेंब नव्हता. इतक्या वर्षांत एखादी वस्तू नापास व्हावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. कोट गळत नव्हता. मग शर्ट कशानं भिजला?

संध्याकाळी ती त्याला घेऊन बाजारातल्या रेनकोटांच्या दुकानात गेली. दुकान एका जाडजूड बाईंचं होतं. त्यांचे वडील छत्र्या विकायचे, म्हणून गाव त्यांना छत्रीकाकू म्हणायचं. गळ्यात मापाची टेप, चष्मा कपाळावर. कोटाची सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली, रबरी बाहीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, आणि विचारलं, "पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून काय धरतं?"

"पाणी."

"मग! हा कोट म्हणजे झाकण. बाहेरचं पाणी आत घेत नाही आणि आतली वाफ बाहेर सोडत नाही. एका जागी उभं राहणाऱ्यानं घालावा हा. भराभर चालणाऱ्यानं घातला की तो स्वतःच्याच घामात भिजणार. साधा घाम हो, दुसरं काही नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. नवऱ्यानंही जोरजोरात मान हलवली. "तेच म्हणत होतो मी," तो म्हणाला. तो तसं काहीच म्हणत नव्हता, पण तेव्हा तिनं ते सोडून दिलं.

छत्रीकाकूंनी तीन जॅकेटं काउंटरवर टाकली आणि त्याला कामालाच लावलं. दोन्ही हात वर करा, कंबर उघडी पडते का बघू. खाली वाका. बुटाची लेस बांधा. आतून स्वेटर घातलाय असं समजून खांदे फिरवा.

"नोकरीला घेताय का मला?" त्यानं विचारलं.

"नोकरीत एवढं बघत नाहीत," काकू म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या, कारण घेणारी कोण हे त्यांनी ओळखलं होतं. "हे बघा, आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. शिवणीची भोकं म्हणजे पाण्याची दारं. चेनवर झडप हवी. मनगट आवळता आलं पाहिजे, नाहीतर हात वर केला की पाणी कोपरापर्यंत जातं. आणि ही काखेतली चेन, चढावर उघडायची, उतारावर लावायची. या कापडात एक पातळ पडदा असतो, तो वाफ बाहेर सोडतो. पण आत सुती शर्ट घातलात तर सगळं फुकट. सुती कापड घाम धरून बसतं."

"चाळीस वर्षं मी सुतीच घालतोय," तो म्हणाला.

"आता घालणार नाही," ती म्हणाली.

"टोपी घालून बघा," काकू म्हणाल्या. "मान फिरवली की टोपी बरोबर फिरली पाहिजे, नाहीतर रस्ता ओलांडताना गाडी दिसायची नाही."

त्यानं टोपी डोक्यावर ओढली आणि लगेच मागे टाकली. "फिरते."

"मान फिरवलीत कुठं?"

"फिरते म्हटलं ना."

त्यांनी राखाडी जॅकेट घेतलं, मांडीपर्यंत येणारं, आणि खेळाडू घालतात तसले दोन सुळसुळीत शर्ट. तो घरी येईपर्यंत कुरकुरत होता. ती मात्र कितीतरी दिवसांनी रस्त्यातल्या दुकानांकडे बघत चालत होती.

पुढचे आठ-दहा दिवस नुसती भुरभुर होती. रोज सकाळी ती त्याच्या गळ्यापर्यंत चेन ओढायची, टोपीची दोरी आवळायची, आणि तो परत आला की पाठीवर हात ठेवायची. पाठ कोरडी, कोमट. तिला झोप लागायला लागली. पण जॅकेटच्या गळपट्टीला वास यायला लागला, म्हणून एका संध्याकाळी तिनं ते घरातल्या सगळ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं, नेहमीची पावडर आणि वर झाकणभर ते कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस मुसळधार झाला. तो परत आला तेव्हा जॅकेटचं कापड पाणी पिऊन काळंभोर झालं होतं आणि आतला शर्ट पाठीला चिकटला होता.

तिनं दुकानात फोन लावला. तिचं सांगणं पुरं व्हायच्या आतच छत्रीकाकू कडाडल्या, "सुगंधी पाणी? अहो बाई, जॅकेट घेतलंत की नवरीचा शालू? त्या पाण्यानं कापडाची पाणी झटकायची ताकद जाते. वरचं कापड भिजलं की आतल्या वाफेला वाटच राहत नाही. आता असं करा. मशीनचा पावडरचा खण आधी स्वच्छ धुवा. साध्या साबणानं जॅकेट एकटं धुवा, दोनदा जास्त खंगाळा. पिळू नका, सावलीत वाळवा. मग वर पातळ फडकं टाकून अगदी कोमट इस्त्री फिरवा. आणि ओलं जॅकेट कपाटात कोंबत असाल तर माझ्याकडे येऊ नका परत."

चूक आपली होती याचा तिला इतका आनंद झाला की ती फोनवर "हो, हो" म्हणत हसतच होती. तिनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. इस्त्री झाल्यावर बाहीवर चमचाभर पाणी टाकलं. अळवाच्या पानावरून पळावं तसं ते गोळ्या होऊन खाली पळालं. तिनं नवऱ्याला हाक मारून दाखवलं. "वा," तो म्हणाला, आणि पेपरात डोकं घातलं.

दोन दिवसांनी पुन्हा जोराचा पाऊस आला, आणि शर्ट पुन्हा भिजला.

या वेळी तिनं नुसता टॉवेल पुढे केला. तो म्हणाला, "घाम गं. त्या काकूच म्हणाल्या नाहीत का?"

"आधी कोट गळत होता."

"तेव्हा गळत होता. आता घाम येतो."

"तो कोट गळत नव्हता. मी बेंचवर लावून बघितला होता."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेला.

ओला शर्ट घेऊन ती खिडकीपाशी बसली. नाकाला लावला. घामाचा वास नव्हता. वासच नव्हता. गळ्याशी आणि पाठीच्या वरच्या भागात कापड जड होतं, कमरेकडे कमी. मीटर असता तर तिनं डोळे मिटून सांगितलं असतं, पाणी वरून आलंय. पण टोपी तर ती स्वतः आवळून देत होती. आणि परत यायचा तेव्हा टोपी डोक्यावरच असायची, डोकं कोरडं असायचं. शिवाय स्वयंपाकघरातल्या त्या दिवशीच्या गार घामालाही वास नव्हता, आणि तोही मानेपासूनच सुरू झाला होता. मनात एकदा भीती शिरली की प्रत्येक पुरावा तिच्याच बाजूनं साक्ष देतो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो जेवून आडवा झाला होता आणि बाहेर पत्र्यावर पाऊस बडवत होता. तिनं हळूच त्याचं जॅकेट घातलं, मनगटं आवळली, टोपी ओढली आणि निघाली. गोदाम, शाळेची भिंत, पूल, आणि परत. पूर्ण चाळीस मिनिटं, त्याच्याच चालीनं. साडी गुडघ्याखाली भिजली, पण घरी येऊन जॅकेट काढलं तेव्हा ब्लाउजची पाठ कोरडी होती. गळा कोरडा. काखेत थोडा दमटपणा, तोही चेन उघडायची राहिली म्हणून.

म्हणजे जॅकेट चांगलं होतं, रस्ता तोच होता, पाऊस तोच होता. त्यातून धडधाकट माणूस कोरडा परत येत होता. तिचा नवरा भिजून येत होता. तिनं जॅकेट खुंटीला लावलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण तिला रडायचं होतं आणि तो जागा झाल्याचा आवाज येत होता.

लेक परगावी असायची. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, शर्ट हुंगत काय बसलीस? बाबांना आज दवाखान्यात ने. दे त्यांना फोन."

त्यानं फोन कानाला लावला, हं हं केलं, आणि परत दिला. "तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा जाईन."

"आज गेलात तर काय बिघडेल?"

"तुम्ही दोघी मिळून मला परत त्या टेबलावर झोपवणार." तो एवढ्या जोरात बोलला की त्याचं त्यालाच चमकायला झालं. मग हळू आवाजात म्हणाला, "मला काही होत नाहीये."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो खोटं बोलला की तिला कळायचं. खोटं कशाबद्दल आहे ते मात्र प्रत्येक वेळी कळत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी नेहमीसारखी त्याची टोपी आवळून दिली, दार लावलं, शंभर आकडे मोजले, आणि छत्री घेऊन त्याच्या मागे निघाली. पाऊस इतका होता की त्यानं वळून पाहिलं असतं तरी छत्रीखाली कोण आहे हे त्याला कळलं नसतं. आपण नवऱ्याचा पाठलाग करतोय, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं एकदा मनात आलं. मग आलं, म्हणेना का.

गोदामापर्यंत तो सरळ चालला. गोदामाचं वळण घेतलं, घराकडून दिसायचा बंद झाला, आणि थांबला. गळ्याखाली हात नेऊन त्यानं दोरी सोडली, टोपी मागे टाकली आणि तसाच पुढे निघाला, बोडक्या डोक्यानं. पाऊस त्याच्या टकलावर आपटत होता आणि मागे उघड्या पडलेल्या टोपीत, गळपट्टीत, मानेवरून खाली जात होता. मध्येच त्यानं दोन बोटं गळ्याच्या बाजूला दाबून धरली, तशीच धरून चालला, मग सोडली.

ती पळायला लागली. शाळेच्या भिंतीपाशी तिचा पाय घसरला, छत्री वाकडी झाली. पुलाच्या तोंडाशी तिनं त्याला गाठलं.

"अहो!"

तो वळला. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर चोरी सापडलेल्याचा भाव आला, मग तिचा अवतार बघून काळजीचा. "तू इथं कशी? पडलीस का?"

"टोपी का काढलीत?"

त्यानं टोपीची दोरी बोटाला गुंडाळली.

"मी तिकडं रोज मरतेय," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "शर्ट हुंगतेय, कोट बेंचवर लावतेय, काकूंच्या शिव्या खातेय. तुम्हाला गार घाम येतोय म्हणून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय, आणि तुम्ही मुद्दाम पावसात डोकं उघडं टाकून फिरता? आणि घरी येताना डोकं पुसून टोपी घालता?"

"टकलाला पुसायला वेळ कितीसा लागतो," तो पुटपुटला.

"हसू नका!"

"हसत नाहीये गं." त्यानं तिची छत्री सरळ करून तिच्या डोक्यावर धरली. पुलाच्या कठड्याखाली नदी मातकट पाण्यानं भरून वाहत होती. तो तिकडंच बघत राहिला. "टोपी घातली की ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"हे." त्यानं जॅकेटवरून छातीवर बोट ठेवलं. "कान झाकले की बाहेरचा आवाज जातो आणि हाच राहतो. धप, धप, धप. चालायला लागलं की आणखी मोठा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. छापखान्यात तो छत्तीस वर्षं मशीनवर होता. तिथं त्याला कानसेन म्हणायचे. चार मशीनं एकदम चालू असताना तो दारातून सांगायचा की तिसऱ्याचं बेअरिंग आठवड्याभरात जाणार, आणि ते जायचं.

"मग ऐकत बसतो मी," तो म्हणाला. "सवयच ती. आणि तो चुकतो गं. चांगला चालतो, चालतो, मग एक ठोका पडतच नाही. पुढचा जोरात पडतो. मशीन असं करायला लागलं की मी काय म्हणायचो तुला माहीत आहे. टोपी काढली की पावसाचा आवाज येतो. मग चालवतं."

"किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"आणि डॉक्टरांना नाही सांगितलं."

"सांगितलं की ते उघडून बघणार. मागच्या वेळी मनगटातून गेले. या वेळी छाती उघडतील." त्याच्या ओठांवरून पाणी ओघळत होतं, पावसाचं असावं. "मी मशीनं उघडलीत. उघडलेलं प्रत्येक मशीन परत तसंच चालतं असं नाही."

तिला त्याला दोन शब्द सुनावायचे होते. ते राहून गेले. शर्ट पावसानं भिजत होता. फक्त पावसानं. ज्या गोष्टीला ती इतके दिवस भीत होती ती नव्हतीच, आणि जिचा तिला पत्ता नव्हता ती होती.

"टोपी घाला," ती म्हणाली. "आणि माझ्याशी बोलत चला. माझा आवाज ऐका. घरी नाही, सरळ दवाखान्यात."

तो आला. कदाचित तोही दमला होता.

डॉक्टरांनी नाडी धरली, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली, आणि छातीला तारा लावलेलं एक छोटं यंत्र कमरेला बांधून दिलं. पूर्ण एक दिवस आणि रात्र ते अंगावर ठेवायचं. मग अहवालासाठी दोन दिवस थांबायचं. ते दोन दिवस तिनं बेंचवर इतके मीटर नापास केले की साहेबांनी स्वतः येऊन पुन्हा तपासले, आणि त्यातले सगळे पास निघाले. त्यांनी मीटर परत ओळीत लावले. तिच्यापुढे चहाचा कप ठेवून गेले.

अहवालाच्या दिवशी लेकही आली होती. डॉक्टरांनी लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि पेननं खुणा दाखवल्या. "हे बघा, इथं ठोका चुकलेला नाही. एक ठोका वेळेआधी पडलाय, तो हलका, म्हणून ऐकू आला नाही. मग थोडी उसंत, आणि पुढचा जोरात. बऱ्याच लोकांत असतं हे. त्यांना पत्ताही नसतो. तुमचे कान जरा जास्तच तयार आहेत. आता तरी मला यात घाबरण्यासारखं दिसत नाही. एक गोळी बदलतो. उघडायबिघडायचं काही नाही. पण," त्यांनी चष्मा काढला, "हे तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं. असे ठोके सारखे आणि ओळीनं पडायला लागले तर एका जागी बसायचं. दहा मिनिटांत थांबले नाहीत, किंवा छातीत दुखलं, घाम आला, चक्कर आली, तर वाट बघायची नाही. फोन करायचा. लपवायचं तर अजिबात नाही."

"कळलं," तो म्हणाला.

"त्यांना नाही कळलं," लेक म्हणाली. "मला सांगा, मी त्यांना सांगते."

छत्रीकाकूंकडे एक रुंद काठाची पावसाळी हॅट निघाली, मागचा काठ पुढच्यापेक्षा लांब, मानेवरचं पाणी पाठीमागे गळपट्टीच्या बाहेर टाकणारी. कान मोकळे. गळपट्टी हनुवटीपर्यंत बंद करायची आणि टोपी गुंडाळून आत दाबायची, म्हणजे तिचं भांडं होत नाही. "आधी सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी दिली असती," काकू म्हणाल्या. "टोपीत गुदमरणारे निम्मे लोक असतात. पण पुरुषमाणूस दुकानात कधी खरं सांगतो?"

ती रोज त्याच्याबरोबर जाऊ शकत नव्हती. सकाळची पाळी असली की तो निघायच्या आधीच तिला निघावं लागायचं. वर्कशॉपच्या फोनचा नंबर तिनं त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवला. बेंचवर दाब सोडताना तिची नजर घड्याळाकडे जायची. आता तो गोदामापाशी. आता शाळेपाशी. आता पूल.

तीन आठवडे गेले. एका सकाळी पाऊस आडवा येत होता आणि ती नुकतीच दुसरी ओळ लावत होती. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं.

"गळतीबाई, फोन. घरून नाही, बाहेरून आहे."

मीटर तिच्या हातून निसटला नाही. तिनं तो नीट खाली ठेवला, हे तिला नंतरही आठवत होतं.

"मी पुलापाशी आहे," नवरा म्हणाला. मागे पाण्याचा आवाज येत होता. "बसथांब्याच्या बाकावर बसलोय, शेजारच्या आजींचा फोन घेतलाय. आज जरा जास्त पडतायत. ओळीनं चार, मग परत तीन."

"दुखतंय?"

"नाही."

"घाम?"

फोनमध्ये चेन ओढल्याचा आवाज आला. तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"शर्टात हात घालून बघितलं," तो म्हणाला. "कोरडा आहे. आत्ताच बसलोय, दोन मिनिटं झाली असतील. म्हटलं तुला सांगावं."

"बसा तिथंच. उठू नका. मी येतेय. फोन ठेवू नका, नाही, ठेवा, मी निघाले."

साहेबांनी काही न विचारता गाडीची किल्ली उचलली. पुलापर्यंत पाच मिनिटं लागली. काचेवरचे वायपर इकडून तिकडे जात होते आणि ती त्यांच्याबरोबर डॉक्टरांचे शब्द मनात म्हणत होती. दहा मिनिटं, दुखलं, घाम, चक्कर.

तो बाकावर ताठ बसला होता, हॅट गुडघ्यांवर, दोन बोटं गळ्यावर. शेजारी ती फोनवाली म्हातारी पिशवी घेऊन बसली होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती. गाडीतून उतरून ती धावत गेली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिनं विचारायला तोंड उघडलं.

"थांब," तो म्हणाला. "ऐकतोय."

तिनं त्याचा मोकळा हात धरला. साहेब गाडीतच, काच खाली करून वाट बघत होते. पाऊस थांब्याच्या पत्र्यावर तडतडत होता. एक बस आली, दार उघडून थांबली, कुणी चढत नाही म्हणून निघून गेली. म्हातारीही चढली नाही.

"आता सरळ आहे," शेवटी तो म्हणाला. "मघाशी एक पडला. त्यानंतर नाही."

"किती वेळ?"

"तू आलीस त्यानंतर एकच."

"काय झालंय त्यांना?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही, आजी," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून त्यानं शब्द बदलले. "म्हणजे, हृदयाचं आहे थोडं. बरं वाटलं की निघू."

आणखी पाच मिनिटं ते तसेच बसले. मग तिनं साहेबांना हात करून बोलावलं आणि दवाखान्यात जायचं सांगितलं, नुसतं दाखवायला. तो नको म्हणाला नाही. गाडीत बसताना त्यानं एवढंच विचारलं की सीट ओली होईल, चालेल का. साहेब म्हणाले, "पाणीखात्याची गाडी आहे, बसा."